जूबलनं जाळलेलं पेटवण

उद्या पहाटे तुमच्यातले दोघं वरच्या खोपटात पिठाची पोती आणि घोड्यांचा दाणा पोचवायला निघणार, म्हणून सांगतोय. एरवी मी ही गोष्ट काढत नाही. सांगितली की दोन दिवस अंगात कणकण राहते, आणि या वयात ती परवडत नाही.

मर्ल, मगाशी जेवताना तू काय म्हणालास? "निघताना पेटवण कशाला तासून ठेवायचं? तिथं येतंय कोण, अस्वल?" सगळे खिदळले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? तो कॉफीचा डबा इकडं सरकव आणि ऐक आता.

खोपटाला कुलूप नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणीही यावं, बीन्स शिजवावेत, झोपावं. नाव-गाव कुणी विचारत नाही. निघताना मात्र भांडी घासायची, आणि शेगडीजवळच्या पेटीत तासलेलं पेटवण ठेवायचं. काठी घ्यायची, चाकूनं तिच्या झिलप्या काढायच्या, पण तोडायच्या नाहीत, काठीलाच चिकटलेल्या राहू द्यायच्या. एका काडीत पेट घेते. कारण पुढचा माणूस येतो तेव्हा त्याची बोटं आखडलेली असतात. काडी कशीबशी ओढता येते, चाकू धरता येत नाही. पेटी रिकामी असली तर सकाळी त्याचं मढंच उचलून न्यायचं. आमच्या वेळी लोक घोडेचोराशी एकवेळ बोलायचे, पण पेटी रिकामी ठेवून गेलेल्याला कुणी चिमूटभर तंबाखू द्यायचं नाही.

आणि ज्याची त्याची तासायची तऱ्हा वेगळी. आम्ही पेटीत बघून सांगायचो, काल इथं कोण झोपलं होतं ते. ओटो, तुझ्या बापाच्या झिलप्या ह्या एवढ्या जाड. त्या कधी धड पेटल्याच नाहीत. हसतोस काय, तुझ्याही तशाच आहेत.

तर, जूबल हॅस्केट. सोळा वर्षं त्यानं आणि मी जोडीनं सामानाच्या गाड्या हाकल्या. ही गोष्ट त्याची आहे आणि खरी आहे. जूबल खोटं बोलायचा नाही. खोटं बोलायला डोकं चालवावं लागतं, आणि त्याला त्याचाही कंटाळा होता. कायम दमलेला माणूस. तरुणपणीसुद्धा. कुणी भांडायला आलं तरी म्हणायचा, "उद्या भांडू."

साल अठराशे पंच्याऐंशी, जानेवारीची सहा तारीख, मंगळवार. जूबल बर्फावरच्या घसरगाडीवर पीठ घालून या वरच्याच खोपटाकडे निघाला होता. तिथं लायमन स्प्रेग नावाचा गडी हिवाळाभर एकटा राहून गुरं हद्दीबाहेर जाऊ देत नसे. दोन गाड्या लाकूडफाटा, एक घोडं, एवढाच त्याचा संसार. जूबल पोचला तेव्हा दिवस मावळला होता. धुराड्यातून धूर नाही. हाक मारली, ओ नाही. आत गेला तर लायमन टेबलावर डोकं टेकून बसलेला, डुलकी लागावी तसा. पाठीत गोळी. गोठून दगड झाला होता.

फळीवर दोन ताटल्या, दोन कप. स्वच्छ घासून पालथे घातलेले. म्हणजे ज्यानं मारलं, तो आधी त्याच्या पंगतीला बसून जेवला होता.

जूबलची बोटं कामातून गेली होती. आधी त्यानं आग पेटवली. पेटीत तीन काठ्या होत्या. तिन्ही आत घातल्या, काडी ओढली. हात शेकत बसला, नि मग त्याचं लक्ष गेलं. काठ्या दोन्ही टोकांकडून मधोमध तासलेल्या होत्या. मध्ये धरायला चार बोटं कोरी जागा. त्या मुलखात असं तासणारा एकच माणूस होता. रँचचा मुकादम, कोलमन यान्सी. त्याच्या बापानं मिसूरीत शिकवलेलं. जूबलच्या हे ध्यानात आलं तोवर शेवटची झिलपी काळी पडत होती.

पाठमोऱ्या माणसाला गोळी घातली, आणि नंतर त्याच टेबलाशी बसून पेटवण तासलं! जूबल मला म्हणाला, "त्याच्या मनानं खून केला रे, पण हाताला राहवलं नाही. वीस वर्षांची सवय."

का मारलं, तेही जूबलला माहीत होतं. नाताळाआधीच लायमननं त्याला सांगितलं होतं, "कंपनीच्या वासरांवर यान्सी स्वतःच्या मालकीचा डाग मारतोय. मी मोजलीत. मालकाला पत्र लिहू का?" त्यावर जूबल म्हणाला होता, "तुला नसती उठाठेव सांगितलीय कुणी? आपण बरं की आपलं काम बरं."

त्या रात्री जूबलनं लायमनला उचलून पडवीत ठेवलं, कोल्हे-लांडगे येऊ नयेत म्हणून पडवीच्या दाराला ओंडका लावला. सकाळी रँचवर आला आणि सांगितलं, लायमन मेलाय. कुणीतरी मारलाय. बाकी काही बोलला नाही. पेटीही तशीच रिकामी ठेवून आला होता, जन्मात पहिल्यांदा.

यान्सी दारात उभा होता. टोपी काढली त्यानं. म्हणाला, "अरेरे. चांगला पोरगा होता." मग जूबलच्या पाठीवर हात ठेवून अगदी मायेनं विचारलं, "तुझे हाल झाले असतील. पेटीत पेटवण तरी होतं का?"

"होतं."

"मग?"

"जाळलं."

यान्सी हसला. "बरं केलंस. त्याच्यासाठीच असतं ते."

जूबलनं हे सांगितलं तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, तू बोललास का काही? तर म्हणाला, "काय बोलणार? पुरावा मीच चुलीत घातलेला. आणि त्याच्यापुढं माझं कोण ऐकणार? झोप आली होती फार."

दुसऱ्याच दिवशी रँचच्या गड्यांनी माणूस धरून आणला. बासिलिओ आर्चुलेटा नावाचा लहानखुरा मेंढपाळ, न्यू मेक्सिकोकडचा. लायमनच्या घोड्यावर बसून येताना सापडला. आता तुम्हाला त्या वेळचं सांगायला नको, गुरंवाल्यांना मेंढीवाला दिसला की मिरच्या झोंबायच्या. बळी तो कान पिळी. घोडं रानात मोकळं फिरत होतं, खोगिरासकट. हा ते रँचवर परत द्यायला आणत होता. हसले सगळे. एकानं विचारलं, "परत द्यायला? मेंढरांना विचारून आलास का?"

बासिलिओचे हात मागं बांधलेले. त्याची नजर फिरत फिरत जूबलवर थांबली. मागच्या पानगळीत जूबलची गाडी ओढ्यात रुतली होती, तेव्हा ह्यानंच त्याला दोन रात्री आपल्या गाडीत ठेवून घेतलं होतं, मटणाचा रस्सा पाजला होता.

"जूबलदादा, तुम्हीच पहिल्यांदा आत गेलात ना?" तो म्हणाला. "मग सांगा ना यांना. तुम्ही बघितलं असेल काहीतरी. मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. मी शेकायला रानातली करडी झुडपं जाळणारा माणूस. मला तुमचं ते लाकूड तासणं जमतसुद्धा नाही."

यान्सी जूबलकडे बघत होता. जूबल आपल्या बुटांकडे.

"मला काय माहीत," जूबल म्हणाला.

बासिलिओला हॅलोरन गावच्या तुरुंगात नेलं. चौकशीला प्रेत लागणार, म्हणून ते आणायला यान्सीनं पाठवलं कुणाला? जूबललाच. "तुला वाट माहीत आहे," म्हणाला.

म्हणजे बघा, निघाला तो असाच, सांगितलेल्या कामाला. तुम्ही उद्या निघणार तसा. शनिवार, जानेवारीची दहा तारीख. खोपटात पोचेपर्यंत वाऱ्यानं बर्फ उडायला लागलं. परत फिरणं शक्यच नव्हतं. त्यानं दोन्ही घोड्या मागच्या गोठ्यात बांधल्या. लायमनला ताडपत्रीत गुंडाळलं, दोरानं आवळलं, सात गाठी मारल्या. घसरगाडीवर चढवून गाडी पडवीत सारली. आत आला. पेटी रिकामी. त्यानंच ठेवलेली. बोटं चालेनात. शेवटी दिव्यातलं तेल ओंडक्यांवर ओतलं, पंधरा-सोळा काड्या वाया घालवल्या, तेव्हा कुठं पेटलं.

आतून कडी लावली आणि बुटांसकट आडवा झाला.

जाग आली ती कसल्या तरी आवाजानं. खिशातलं घड्याळ काढलं. दोन वाजून वीस मिनिटं. वारा पूर्ण पडला होता.

पुन्हा आवाज.

कप टेबलावर ठेवल्याचा.

मग... दुसरा कप.

जूबलनं मान वळवली नाही. डोळे फिरवले फक्त. दाराची कडी लावलेली होती. ती त्यानं आधी पाहिली. कडी लावलेली होती...

टेबलाशी लायमन बसला होता.

पाठ ताठ. हात टेबलावर. ताडपत्री नाही, दोर नाही. दाढीवर बर्फ. शेगडी हातभर अंतरावर लाल झालेली, आणि दाढीतलं बर्फ... वितळत नव्हतं.

समोर दोन कप. रिकामे.

"लायमन," जूबल म्हणाला. आणि पुढं काय म्हणाला ठाऊक आहे? "लायमन, मी फार दमलोय रे."

मेलेला माणूस समोर बसलाय, आणि हा त्याला सांगतोय दमलोय म्हणून! पण जूबल असाच होता.

 लायमननं पेटीकडे पाहिलं.

"मी मुद्दाम नाही जाळलं... बोटं चालत नव्हती. कळलं तोवर उशीर झाला."

तो पेटीकडेच बघत होता.

"तू मेलास. आता मी यान्सीचं नाव घेतलं म्हणून तू काय परत येणारेस?"

लायमननं मान हळूच वळवली. जूबलकडे बघितलं. डोळ्यांवर बर्फाचा पापुद्रा. त्यातूनही बघत होता.

तेव्हा कुठं जूबलला समजलं. लायमन स्वतःसाठी आलाच नव्हता. त्याचं जे व्हायचं ते झालं होतं. हॅलोरनच्या तुरुंगात एक जण अजून जिवंत होता...

"सांगतो," जूबल म्हणाला. "पोचलो की सांगतो. आधी शेरीफकडे जातो. मग बाकी सगळं."

लायमनची नजर हलली नाही.

"शपथ घेतो."

लायमननं हात पुढं केला. टेबलावरून. उताणा.

जूबल उठला. कसा उठला ते त्याला आठवत नव्हतं. उजवा हात दिला. लायमननं हात नाही धरला... मनगट धरलं. घट्ट. चार बोटं, वर अंगठा.

किती वेळ...

शेगडी विझली तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

उजाडल्यावर त्यानं पडवीचा ओंडका काढला. गाडी जागच्या जागी. ताडपत्रीवर फटीतून आलेल्या बर्फाचा पातळ थर, कुठं बोट लागल्याची खूण नाही. सात गाठी सातच्या सात. जूबलच्या गाठी, दुसऱ्याला येत नाहीत तशा. कप फळीवर पालथे.

माणूस म्हणतो, स्वप्न पडलं असेल. जूबलही वाटभर तेच म्हणत होता. मनगट मात्र ठणकत होतं.

अठ्ठावीस मैल. एक घोडी मधेच लंगडायला लागली. बऱ्याच ठिकाणी तो उतरून तिच्यापुढं बर्फ तुडवत चालला. रविवारी रात्री नऊला हॅलोरनला पोचला. प्रेत सुताराच्या स्वाधीन केलं, शवपेट्या तोच करायचा. घोड्या भाड्याच्या तबेल्यात सोडल्या. आणि तबेल्याच्या दारात येऊन उभा राहिला.

समोर शेरीफची कचेरी. रस्ता ओलांडला की झालं. जूबलनं मला पावलं सांगितली होती, चाळीस. खिडकीत दिवा होता. शेरीफ टेबलाशी बसलेला दिसत होता. मागच्या कोठडीत बासिलिओ असणार.

चाळीस पावलं.

मला हे सांगताना नेहमी वाटतं, की आता तरी जाईल. त्या रात्रीला छत्तीस वर्षं झाली, तरी दरवेळी वाटतं.

 जूबलच्या डोळ्यांवर तीन दिवसांची झोप. आत गेलो तर शेरीफ बसवणार, विचारणार, लिहून घेणार, यान्सीला बोलावणार. पहाट होईल. चौकशी सकाळी दहाला आहे. त्याआधी सांगितलं तरी तेच. बासिलिओ काय रातोरात पळून जाणार आहे?

"उद्या," तो म्हणाला. आणि तबेल्यातल्या गवतात जाऊन पडला.

रात्री मनगटाच्या कळेनं त्याला जाग आली. बाहेर बर्फावर पावलं वाजत होती. पुष्कळ पावलं. कुणी बोलत नव्हतं. कुठंतरी दार उघडलं. एक माणूस त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, भराभरा, एकच शब्द पुन्हा पुन्हा... मग तोही थांबला.

मी विचारलं, "जूबल, तुला कळलं होतं?"

 मग म्हणाला, "झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, म्हणतात ना. मी घोंगडी डोक्यावरून ओढली."

सकाळी तो बाहेर आला, तर लोक त्याच्याकडे नाही, त्याच्या डोक्यावर बघत होते.

गवताचे भारे वर चढवायला तबेल्याला बाहेर एक तुळई काढलेली असते, दारावर, बघितलीय ना? त्या गावात तेवढं मजबूत लाकूड दुसरं नव्हतं. बासिलिओ तिथं लटकत होता. जूबल आत भिंतीला लागून झोपला होता, त्याच्या बरोबर वर. मध्ये फक्त भिंतीच्या फळ्या.

मग तो गेला. चाळीस पावलं चालला. शेरीफच्या कपाळावर खोक पडलेली, कोठडीचं दार मोडलेलं. जूबलनं सगळं सांगितलं. काठ्या, कोरी जागा, मिसूरी, वासरं. शेरीफनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "कधी आलास तू गावात?"

"काल रात्री. नऊला."

 शेरीफ नुसता खिडकीबाहेर बघत राहिला.

चौकशी झाली, दहा मिनिटांत आटोपली. खुनी आधीच लटकलेला होता, अजून दुसरा कुणाला हवा होता? जूबलनं भर सभेत यान्सीचं नाव घेतलं. हो, घेतलं त्यानं, तेवढं त्याच्या पदरात घाला. यान्सी उठून त्याच्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवला. "दमलायस तू, जूबल," म्हणाला. "जा, झोप जा." लोकांनी माना डोलावल्या.

यान्सीचं काही वाकडं झालं नाही. कुणी भुतानं धरलं, घोड्यावरून पडला, असलं काही मी सांगणार नाही. स्वतःची रँच केली, नातवंडं खेळवली, पलंगावर मेला. मला याचा राग येतो. अजून येतो. पण आहे ते असं आहे.

जूबलनं मला हे सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी, ऑगस्टच्या एका दुपारी, गाडीच्या सावलीत बसून. तो बारा महिने दोन्ही मनगटांवर चामड्याचे पट्टे बांधायचा. बरेच गडी बांधतात, मला कधी वेगळं वाटलं नव्हतं. त्यानं उजवा सोडून दाखवला. चार बोटं आणि अंगठा. पांढरे. वर हिव. खिडकीच्या काचेवर जमतं ना, तसलं. मी बोट लावलं आणि पटकन मागं घेतलं. ऑगस्ट होता. घामानं सदरा पाठीला चिकटत होता.

"दुखतं?" मी विचारलं.

"हे नाही दुखत," तो म्हणाला, आणि पट्टा परत बांधला.

नऊ वर्षांपूर्वी गेला जूबल. जुलैमध्ये, पीट नावाच्या एका गड्याच्या घरी. झोपेतच. त्याला आंघोळ घालायला दुसरं कुणी नव्हतं, मीच घातली. उन्हानं खोली तापली होती. सदरा काढला. उजव्या हाताचा पट्टा सोडला. होतं तसंच होतं सगळं, मला माहीतच होतं.

मग डाव्या हाताचा सोडला.

त्याचं तो कधी काही बोलला नव्हता.

तिथंही हिव होतं. तिथंही चार बोटं आणि अंगठा... पण हा पंजा लहान होता. आणि बोटं उलटी होती. समोर बसलेल्या माणसानं धरलेली नव्हती ती. वरून लटकत्या माणसानं हात खाली सोडून धरावं, तशी होती.

मी ऊन पाणी घेतलं. दोनदा ओतलं, तीनदा ओतलं. ते विरघळलं नाही.